डाव्या मुठीतली गोळी

रक्त घ्यायला आल्या की आपा आधी सुई काढायच्या नाहीत. दारातूनच म्हणायच्या, "काकू, बाटली आणा." थायरॉईडच्या बाटलीतली एक गोळी माझ्या डाव्या मुठीत ठेवायच्या आणि मग उजव्या दंडाला रबरी पट्टा बांधायच्या. "मूठ उघडायची न्हाई. आधी रक्त, मग गोळी." नळी भरली, बोळा दाबला, की स्वतः माठातलं पाणी आणून द्यायच्या आणि मी गोळी गिळेपर्यंत समोरून हलायच्या नाहीत. आधी घेतली तर रिपोर्टात खोट येते, नंतर घेऊ म्हटलं तर म्हातारी माणसं विसरतात, असं त्यांचं म्हणणं.

सगळं भिंगार त्यांना आपा म्हणायचं. एका लॅबसाठी घरोघर जाऊन रक्त गोळा करायच्या. चहा घ्यायच्या तोही उभ्यानं, स्कूटीची किल्ली बोटात फिरवत. पण हात असा, की सुई कधी आत गेली ते कळायचं नाही.

एकदा मात्र त्या आमच्याकडे खाली बसल्या. बाटली तळहातावर उपडी केली, तर गोळ्यांचे अर्धे अर्धे तुकडे पडले.

"ही काय, उंदरानं खाल्ली का?"

"मीच केली अर्धी. अडकित्त्यानं," मी म्हटलं. "मागच्या रिपोर्टात टीएसएच केवढा वाढलेला होता! वाढलेलं कमी नको करायला?"

हसू नका. साखर वाढली की गोड कमी करतो, तेच डोकं मी इथं चालवलं होतं. दोन महिने अर्धीच घेत होते. पाय सुजले, भर उन्हाळ्यात शाल लागायला लागली, देवापुढं बसले तर तिथंच डोळा लागायचा. मला वाटलं, वय झालं.

आपांनी कपाळाला हात लावला. "काकू, मी डॉक्टर न्हाई, पण ऐका. गळ्यातली ग्रंथी म्हणजे ऊस तोडणारा मजूर. टीएसएच म्हणजे डोक्यात बसलेला मुकादम. मजूर सुस्त पडला की मुकादम ओरडतो. तुमच्या रिपोर्टात काम न्हाई वाढलेलं, वरडा वाढलाय! काम किती झालं ते टी-फोरमध्ये दिसतं. आणि मजुराच्या मदतीला डॉक्टरनं जो गडी दिला, तो तुम्ही अडकित्त्यानं कापला व्हय?"

इतकी हसले मी, की डोळ्यांतून पाणी आलं. त्यांनी तिथूनच डॉक्टरांकडे माझा नंबर लावला. गोळी पूर्ववत झाली, शाल कपाटात गेली.

पुढं वर्षभरानं आपा आल्या त्या घाम पुसतच. दिवस थंडीचे, आणि ह्या म्हणतात, "पंखा लावा." गालफडं बसलेली. बोलणं एकातून दुसऱ्यात, धड एक वाक्य पुरं नाही. पट्टा बांधला, सुई धरली, आणि मी बघितलं, सुईचं टोक थरथरत होतं. शीर चुकली. परत टोचली, परत चुकली.

"गडबड लई झाली," त्या म्हणाल्या. पण माझ्याकडे बघेनात.

"आपा, तुमचं कधी तपासलंय?"

"मला काय धाड भरलीय? दिवसभर पळते मी."

"तेच म्हणते. मीबी डॉक्टर नाही, पण तुमचा मजूर बेफाम सुटलाय. मुकादम गप्प बसला असणार."

आपा बसल्या. दुसऱ्यांदा. स्वतःच्या बोटांकडे बघत राहिल्या. "चार महिने झाले," हळूच म्हणाल्या. "दिसलं न्हाई असं न्हाई, काकू. पण रिपोर्ट आला, की लॅबवाले सुई हातात देतील का? हा हात गेला तर मी कोन?"

मी त्यांचा हात माझ्या हातात धरला. चिमणी धरल्यासारखा लागला. तिसऱ्यांदा सुई घातली तेव्हा त्यांचं मनगट मी धरून ठेवलं होतं. नळी भरली. "आता लॅबवर जाऊन तुमचीबी भरा," मी म्हटलं.

भरली त्यांनी. टीएसएच जवळजवळ नाहीच, टी-फोर चढलेला. औषध सुरू झालं आणि त्यांच्या मुलीनं त्यांना आपल्या घरी, कोल्हारला नेलं. मधून मधून फोन येतो. "टी-फोर आला जागेवर. मुकादम अजून झोपलाय, काकू. डॉक्टर म्हनतात, तो उशिरा उठतो." हात कसा आहे, हे मी विचारत नाही आणि त्या सांगत नाहीत. फोन ठेवला की मी उगीच घरभर फिरते.

परवा लॅबची नवी मुलगी आली. चुणचुणीत, कामाला स्वच्छ. उजव्या हातातून रक्त घेतलं, बोळा दाबला, सामान भरलं. मग थांबली.

"आजी, ही डावी मूठ का आवळलीय? दुखतंय का?"

मी मूठ उघडली. गोळी घामानं ओली झाली होती.

"नाही गं," मी म्हटलं. "तेवढं माठातलं पाणी दे."