टेस्टिंगवाल्या ताईंचा कॉम्प्युटर बसला तेव्हा

आमच्या आनंद नगरात सुचेता देवधरांना सगळे ‘टेस्टिंगवाल्या ताई’ म्हणतात. पिपलानीच्या कारखान्यात ट्रान्सफॉर्मर तपासण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. नव्या ट्रान्सफॉर्मरला नेहमीपेक्षा जास्त विजेचा दाब द्यायचा आणि टिकला तरच बाहेर सोडायचा, असं ते काम. निवृत्तीनंतर तपासायला काही उरलं नाही म्हणून त्यांनी घरचा मिक्सर, गिझर आणि नवरा यांच्याकडे मोर्चा वळवला, असं गिरीशराव सांगतात. मग ताईंनी सुटे भाग मागवून स्वतः कॉम्प्युटर जोडला आणि गिरीशराव सुटले.

यंदा मराठी मंडळातल्या शालिनीताई बोरगावकर कायमच्या नागपूरला, मुलाकडे राहायला निघाल्या. ऐंशीच्या पुढच्या बाई. बरखेड्यातल्या गणेशोत्सवात वर्षानुवर्षं नाटकं त्यांनीच बसवली, त्यांनीच गाजवली. रविवारी त्यांचा निरोप समारंभ होता, आणि त्या नाटकांच्या जुन्या चित्रणांतून तासाभराची फिल्म करायचं काम सुचेताताईंनी अंगावर घेतलं होतं.

फिल्म जुळली, पण ती पक्की करून द्यायला कॉम्प्युटर अख्खी दुपार खाई. मग कुणाच्या तरी नावातली वेलांटी चुकलेली दिसे, की पुन्हा अख्खी दुपार.

“एवढ्या वेळात अख्खं नाटक नव्याने बसवून होईल,” गिरीशराव म्हणाले.

हे ताईंना लागलं. प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवता येतो, त्याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात, हे त्यांनी वाचलं होतं. वेग थोडा वाढवायचा, तपासायचं, मग आणखी थोडा, ही रीतही त्यांना ठाऊक होती. पण शुक्रवार उजाडला होता. सकाळी सेटिंगचा पडदा उघडून त्यांनी आकडा एकदम वर नेला आणि बटण दाबलं.

पडदा काळा झाला. आतला पंखा फिरला, थांबला, पुन्हा फिरला, पुन्हा थांबला.

गिरीशराव पोह्यांचा कांदा चिरायचा सोडून बाहेर आले. “काय झालं गं?”

“काही नाही.”

“तुझं ‘काही नाही’ मला चांगलं कळतं. शालिनीताईंची नाटकं गेली का?”

“नाटकं डिस्कवर आहेत, ती सुरक्षित आहेत. पण हा उठल्याशिवाय बाहेर कशी काढू? मी दिलेला चुकीचा वेग याच्या लक्षात राहिलाय. उठतो, तो वेग धरायला जातो आणि बसतो.”

यावरचा उपायही त्यांना माहीत होता. आतल्या बोर्डावर घड्याळातल्यासारखा एक चपटा सेल असतो, त्याच्या जोरावर सेटिंग लक्षात राहतात. सेल थोडा वेळ काढून ठेवला की बोर्ड सगळं विसरतो. ताईंनी मशीन बंद केलं, झाकण काढलं, सेल काढला, पोहे खाल्ले, सेल परत बसवला. पंखा फिरला आणि थांबला. पुन्हा केलं. पुन्हा तेच.

ताई तिथेच फरशीवर बसल्या. “जळला बहुतेक. जन्मभर कारखान्यातल्या पोरांना सांगत आले, दाब हळूहळू चढवा रे. आणि स्वतः काय केलं?”

गिरीशरावांनी शेजारी बैठक मारली. कॉम्प्युटरमधलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. ते उगाच सगळीकडे बघत राहिले.

“सुचेता, मी गिझरला हात लावला की तू स्वयंपाकघरातून काय ओरडतेस?”

“प्लग काढलास का?”

“मग ही वायर भिंतीत कशी?”

ताईंनी वळून पाहिलं. स्विचचा लाल दिवा मजेत जळत होता. मशीन बटणाने बंद केलं तरी भिंतीतून बोर्डाला थोडी वीज मिळतच होती, मग ते विसरणार कसं! ताईंना आधी मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि मग असं हसू फुटलं की डोळ्यांतून पाणी आलं.

“कुणाला सांगू नकोस हं.”

“छे गं,” गिरीशराव म्हणाले. संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीला कळलं होतं.

मग ताईंनी वायर काढली, राहिलीसाहिली वीज जावी म्हणून बटण दाबून धरलं आणि सेल उचकटला. तो टुणकन उडून दिवाणाखाली कुठेतरी गेला. झाडू घालून शोधला तरी सापडेना. शेवटी गिरीशरावांनी कणीक मोजायचा आपला लाडका वजनकाटा पालथा घातला. त्यात नेमका तसलाच सेल होता.

तो बसवला, वायर जोडली. पंखा फिरला आणि फिरतच राहिला. पडद्यावर अक्षरं आली, की सेटिंग मूळपदावर आणली आहेत. कोपऱ्यात तारीख मात्र कित्येक वर्षांपूर्वीची होती.

“बघ, आपण तरुण झालो,” गिरीशराव म्हणाले.

वेगाला ताईंनी पुन्हा हात लावला नाही. शनिवारची दुपार खाऊन फिल्म तयार झाली.

रविवारी हॉल भरला होता. शालिनीताई पहिल्या रांगेत, खुर्चीच्या कडेवर. पडद्यावर स्वतःला पाहून त्या एकदम म्हणाल्या, “अगं बाई, इथे मी संवाद विसरले होते! मनाचंच काहीतरी ठोकून दिलं, आणि टाळ्या त्यालाच पडल्या!”

हॉल हसून लोटपोट. फिल्म संपली तेव्हा मुलगा गाडीची वेळ झाली म्हणून दाराशी घाई करत होता. शालिनीताईंनी त्याला हातानेच बस म्हणून खुणावलं.

“सुचेता,” त्या म्हणाल्या, “तेवढा तो प्रसंग पुन्हा लाव बरं.”