रंगूनच्या नोटांचे गहाण

जबलपूरजवळच्या रांझीच्या बाजारात दुकानदाराने नोट उजेडात धरली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली आणि हसत परत दिली, तेव्हा प्रमोदिनी देशकरला वाटले, नोट कुठेतरी फाटली असावी.

“बाई, ये इधर की नहीं है.”

“इधर की नहीं म्हणजे? रुपयेच आहेत ना? राजा तर तोच आहे.”

“राजा वही है,” दुकानदार म्हणाला, “पर इनकी ड्यूटी बर्मा में लगी है. ये लाइन देखो.”

मीठ घ्यायला आलेले दोघेतिघे हसले. त्यांतला एक म्हणाला, “अर्ज़ी दे दो बाई, राजा का ट्रांसफर करवाना पड़ेगा.”

प्रमोदिनीने नोट घडी करून कनवटीला लावली आणि मीठ न घेताच ती बाहेर पडली. ती ओळ तिने अर्थातच पूर्वी पाहिली होती. ब्रह्मदेश हिंदुस्थानापासून वेगळा झाला, तेव्हा इकडच्याच नोटांवर ती छापून तिकडे पाठवण्यात आली होती. रुपया तोच, आणे तेच, नोट काढणारी बँकही तीच. पण ही नोट फक्त ब्रह्मदेशातच चालेल, असे ती ओळ सांगत होती. रंगूनमध्ये राहणाऱ्याला त्यात वाचण्यासारखे काही नव्हते. बोट कलकत्त्याला लागेपर्यंत तिचा अर्थ प्रमोदिनीच्या ध्यानातच आला नव्हता.

१९४२च्या जानेवारीत रंगूनवर बाँब पडत होते. तिचा नवरा श्यामसुंदर तिथल्या रेल्वेच्या कारखान्यात इंजिने दुरुस्त करी. त्याला रजा नव्हती. त्याने बायकोला आणि चार वर्षांच्या सुमेधाला बोटीवर चढवले, साठवलेल्या साऱ्या नोटा एका उशीत शिवून दिल्या आणि सांगितले, “जबलपूरला विष्णूकडे जा. मी येतो.” विष्णुपंत हा त्याचा धाकटा भाऊ. तो तोफगाड्यांच्या कारखान्यात होता आणि रांझीला दोन खोल्यांत बायको, तीन मुले व सासू यांच्यासह राहत होता. त्या दोन खोल्यांत आता आणखी दोन माणसे आली.

कुणी तिला काही बोलले नाही, हे नमूद केले पाहिजे. जाऊ सुनेत्रा तोंडाने फटकळ, पण ताटात दुजाभाव करणारी नव्हती. तरी युद्धाच्या महागाईत एका पगारावर आठ तोंडे म्हणजे काय, हे प्रमोदिनीला दिसत होते. पोळ्यांची चळत रोज थोडी खाली येत होती. उशीत मात्र आठ-नऊशे रुपये होते, आणि त्यांतून मिठाचा खडासुद्धा येत नव्हता.

जबलपूरच्या सदर बाजारात विचारले, लॉर्डगंजमध्ये विचारले. कुणी नोट हातातच घेतली नाही. कुणी घेतली, ती शेजारच्या दुकानदाराला गंमत म्हणून दाखवायला. बँकेत बदलून मिळतात, असे एक जण सांगे. दुसरा सांगे, त्यासाठी नागपूर किंवा कलकत्ता गाठावे लागते. तिसरा म्हणे, तिकडून आल्याचा कागद लागतो, आणि तो कमावत्या माणसाचा. यांतले काय खरे होते, ते आता ठरवणे अवघड आहे. तेव्हा तर कुणालाच ठाऊक नव्हते. एवढे मात्र खरे, की सदरमधला एक दलाल अशा नोटा रुपयाला सहा आणे देऊन घेत होता.

“वहिनी, देऊन टाका,” विष्णुपंत म्हणाले. “काहून अडून राहिल्या? उद्या रंगून पडलं, तर हे कागद चूल पेटवायच्या कामाचे.”

“तेरा वर्षं भट्टीसमोर उभे राहिले ते. सहा आण्याला कशी देऊ?”

“तर मग राहू द्या,” सुनेत्रा पोळी उलटत म्हणाली. “आमच्या भिंतीला तसाही कागद लावायचा आहे. राजाच राजा दिसेल घरात.”

प्रमोदिनीलाही हसू आले. पण तिचा निश्चय झाला होता. नवरा येईपर्यंत नोटा तशाच्या तशा राहिल्या पाहिजेत, आणि तोवर आपले नि पोरीचे आपण भागवले पाहिजे. एक मोडून दुसरे साधणे तिला नको होते.

वाट सापडली ती कारखान्यातल्या गणपत नावाच्या टर्नरमुळे. रांझीजवळ खमरियाला नवा कारखाना उभा राहत होता. वर्धा, नागपूर, अमरावतीकडची पोरे भरती होऊन येत होती आणि हॉटेलातली पुरी-भाजी खाऊन कावली होती. गणपत एका रविवारी विष्णुपंतांकडे जेवला. प्रमोदिनीने केलेले साधे वरण त्याने तीनदा मागून घेतले आणि हात धुताना म्हणाला, “वहिनी, पैसे घेऊन जेवू घालत असाल, तर आम्ही सात-आठ जण उद्यापासून येतो.”

खानावळ घालायची तर महिन्याचा दाणागोटा आधी भरावा लागणार होता, आणि मोठी पातेली, परात, कोळसा. प्रमोदिनीजवळ अंगावरच्या दोन बांगड्या होत्या. त्या घेऊन ती हेमचंद्र शेठच्या पेढीवर गेली. निघताना उशीतले पुडकेही तिने पिशवीत टाकले होते; आठ माणसांच्या घरात ते मागे सोडून जायला तिचे मन धजत नसे.

हेमचंद्र शेठ जैन. पुढे धान्याचे दुकान, मागे गहाणवट. मागच्या खोलीत कारखान्याच्या कामगारांची पितळी भांडी कडीपाटापर्यंत रचलेली असत. शेठने बांगड्या तोलल्या आणि मान हलवली. त्यांत दहा दिवसांचाही शिधा येत नव्हता.

“और कुछ है?”

प्रमोदिनीने क्षणभर विचार केला आणि पुडके काढून गादीवर ठेवले. पुन्हा हसे होणार, हे तिने गृहीतच धरले होते.

शेठ हसले नाहीत. त्यांनी वरची नोट पाहिली, ती ओळ वाचली आणि पुडके जसे होते तसे बांधले. “नोट समझके तो मैं भी नहीं लूँगा, बाई. लेकिन गिरवी रख सकता हूँ.”

“नोटा गहाण?” तिला वाटले, आपल्या ऐकण्यात काही चूक झाली. “शेठजी, या चालत नाहीत. तुमच्या काय कामाच्या?”

“वो लोटा मेरे किस काम का?” शेठनी मागच्या ढिगाकडे बोट केले. “मेरे घर में लोटे नहीं हैं क्या? जिसका है, वो छुड़ाने आएगा, अपन को बस इतना भरोसा चाहिए. आप इसे छुड़ाने आओगी?”

“मरेन, पण येईन.”

“मरिए मत. ब्याज़ कौन देगा?”

व्याजाचा दर त्यांनी भांड्यांना लावत तोच सांगितला. रक्कम मात्र नोटांवरच्या आकड्याच्या चौथाईएवढीच देऊ केली, आणि तीही निम्मी धान्यात. मग गाठोड्याला बांधायची चिठ्ठी पुढे ओढून त्यांनी विचारले, “किसके नाम से रखूँ? पति का नाम?”

इथे प्रमोदिनी अडली. नवऱ्याचे नाव तिने लग्नात उखाण्यात घेतले होते, आणि त्यानंतर कधी नाही. तो जपानी बाँबखाली असताना तर नाव उच्चारून त्याच्या आयुष्याला धक्का लावायची तिची मुळीच तयारी नव्हती. ती म्हणाली, “घरच्यांचं.”

“घरच्यांचं क्या?”

“सुमेधाचे बाबा.”

शेठच्या लक्षात आले. “हमारी सेठानी भी ऐसी ही है. चालीस साल से मैं ‘सुनो जी’ हूँ. चलो, आपका ही नाम बताइए.”

तिने आपले नाव सांगितले. शेठनी लिहिले, दोरा बांधला आणि बांगड्या तिच्याकडे परत सरकवल्या.

खानावळ चालली. सुनेत्राच्या मागच्या पडवीत सातांचे पंधरा झाले, पाळ्या बदलत तशा पंगती बदलू लागल्या. पातळ भाजी झाली की गणपत ओरडे, “वहिनी, नर्मदेला पूर आला काय?” आणि प्रमोदिनी उत्तर देई, “पोहता येत नसेल तर काठावर बस.” सुनेत्रा भाकऱ्या थापी आणि पैसे मागायची वेळ आली की पुढे होई, कारण प्रमोदिनीला ते जमत नसे. दर महिन्याला व्याज मात्र प्रमोदिनी स्वतः नेऊन देई. शेठ मोजून घेत, एक आणाही सोडत नसत. नात्यातले काही लोक पुढे सांगू लागले, की शेठनी व्याज माफ केले होते. हे खरे धरण्यास आधार नाही. स्वतः प्रमोदिनीबाई अखेरपर्यंत ते खोडून काढत.

मार्चमध्ये रंगून पडले. नंतर चार महिने काही कळले नाही. विष्णुपंत तिच्यासमोर वर्तमानपत्र उघडत नसत, आणि ती त्यांना ते वाचून दाखवायला सांगत नसे. मग श्रावणात एके दिवशी पंगत बसलेली असताना दाराशी दाढी वाढलेला, पाय सुजलेला एक माणूस उभा राहिला. गणपत पाट सरकवून म्हणाला, “या भाऊ, बसा. नवे आहात काय? कारखान्यात कोणत्या शॉपमध्ये?” सुनेत्राने मागून पाहिले आणि तिच्या हातातले उलथणे खाली पडले. श्यामसुंदर मणिपूरच्या डोंगरातून चालत आला होता.

महिनाभर तो तापाने अंथरुणावर होता. उठून बसू लागला, तेव्हा त्याच्या कानावर नवी बातमी आली, की ब्रह्मदेशातून आलेल्यांना नोटा बदलून मिळत आहेत, पण मुदत फार नाही. वाटेतल्या छावणीत मिळालेला कागद त्याच्याजवळ होता. प्रमोदिनीने मुद्दल साठवून ठेवलेच होते. ते घेऊन तो सकाळीच विष्णुपंतांबरोबर पेढीवर गेला. ती पंधरा जणांच्या स्वयंपाकात होती.

दोघे परत आले ते रागाने लाल होऊन.

“देत नाही म्हणतो!” विष्णुपंत ओसरीवरूनच ओरडले. “पैसे समोर ठेवले, तरी देत नाही. वहिनी, मी सांगून राहिलो होतो. बातमी त्यालाही लागली असेल. बदलून मोकळा झाला असेल तो, पक्का बनिया!”

श्यामसुंदरने खाटेवर बसून सुजलेल्या पायांकडे पाहिले आणि हळूच विचारले, “किती दिवस झाले त्या नोटा पाहून तुला?”

प्रमोदिनीने त्या ठेवल्यापासून पाहिल्याच नव्हत्या. पाहू द्या म्हणायला तिची जीभ कधी रेटली नव्हती. पिठाचे हात तसेच घेऊन ती निघाली. त्या वाटेवर शेठवर तिचा विश्वास होता असे म्हटले तर ते खरे होणार नाही. दलालाचे सहा आणे तिला आठवले. निदान तेवढे तरी पदरात पडले असते, असे तिच्या मनात आले. मागून श्यामसुंदर लंगडत येत होता, आणि त्याची तेरा वर्षे आपण एका अनोळखी माणसाच्या गादीवर ठेवून आलो, यापलीकडे तिला काही सुचत नव्हते.

शेठ गादीवर होते. तिला पाहताच ते उठून मागच्या खोलीत गेले. भांडी हलवल्याचा आवाज आला. मग ते गाठोडे घेऊन आले आणि त्यांनी ते तिच्यापुढे ठेवले. दोरा तोच, चिठ्ठी तीच.

“शेठजी, माझ्या नवऱ्याला का नाही दिलंत?” तिने विचारले.

“चीज़ आपकी है. चिट पर आपका नाम है.” ते श्यामसुंदरकडे वळले. “भैया, बुरा मत मानना. मैंने तो आपको देखा नहीं था. कल कोई और आकर कहे, मैं बाई का पति हूँ, तो? और सच में पति हो, तो भी. लोटा औरत रखे और मर्द छुड़ाके कलारी में बेच आए, ये मैं रोज़ देखता हूँ.”

“मी दारू पीत नाही,” श्यामसुंदर म्हणाला. तिथे म्हणण्यासारखे दुसरे काही नव्हते.

“अच्छी बात है. गिन लीजिए, बाई.”

तिने मोजल्या. पिठाचे ठसे राजावर उमटले. मग तिने मुद्दल पुढे केले. शेठनी त्यातून चालू महिन्याचे व्याज वेगळे काढले आणि उरलेली चिल्लर परत दिली.

परतताना श्यामसुंदर म्हणाला, “आपल्याच पैशांवर सहा महिने व्याज भरलंस.”

“भरलं,” प्रमोदिनी म्हणाली. “बाजारात साऱ्यांनी मला हसून वाटेला लावलं. ह्यांनी गिऱ्हाईक केलं. फुकट दिलं असतं, तर मी दुसऱ्यांदा त्या पायरीवर चढले नसते.”

त्याने मान हलवली. त्याला ते पटले की नाही, हे सांगता येत नाही. पण नागपूरहून नोटा बदलून आणल्यावर पैसे पोस्टात ठेवताना त्याने खाते प्रमोदिनीच्या नावे उघडले, आणि विष्णुपंतांनी कारण विचारल्यावर म्हणाला, “तिच्याजवळ सुरक्षित राहतात.”

खानावळ लढाई संपल्यावरही पुष्कळ वर्षे चालली. श्यामसुंदर खमरियाला लागला आणि घरच्या पंगतीत बसून इतरांइतकाच ओरडा खाऊ लागला. दाणागोटा मात्र हेमचंद्र शेठकडूनच येई. लॉर्डगंजमध्ये स्वस्त मिळतो, असे सुनेत्राने कितीदा सांगितले, तरी प्रमोदिनी ऐकून घेई आणि पिशवी घेऊन तिकडेच जाई. पर्युषणात शेठाणींसाठी कांदा-लसूण न घातलेली मुगाची भाजी पाठवी. शेठाणी डबा कधी रिकामा परत पाठवत नसत.

शेठ गेले, तेव्हा प्रमोदिनीबाई पन्नाशीच्या होत्या. त्या दिवशी त्यांनी खानावळ बंद ठेवली. शेठच्या घरी बायकांत जाऊन बसल्या. भोपाळहून आलेल्या सुनेने त्यांना ओळखले नाही. ती जवळ येऊन हळूच म्हणाली, “माँजी, आप रिश्ते में कौन लगती हैं?”

“ग्राहक,” प्रमोदिनीबाई म्हणाल्या, आणि पदराने डोळे पुसून आणखी थोडा वेळ तिथेच बसून राहिल्या.