सहाव्या रकान्यातले भाऊजी

जबलपुरात माझ्या भासऱ्यांइतक्या चुका नावावर असलेला दुसरा माणूस सापडणार नाही, आणि त्यांच्याइतका कमी चुकणाराही सापडणार नाही. त्या चुकांपायी एका हिवाळ्यात त्यांची नोकरी जायची वेळ आली होती, आणि ती वेळ आणली मी. भासरे म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ; मी त्यांना भाऊजी म्हणते. त्यांच्यासमोर धाकट्या भावाच्या बायकोने फार बोलू नये अशी आमच्याकडची जुनी रीत. लग्नानंतर आठवड्याभरात सासूबाईंनी ती मला समजावली होती. पुढे मुलं शाळेत जायला लागल्यावर मी नोकरी शोधली, ती नेमकी भाऊजी मॅनेजर असलेल्या कारखान्यातच मिळाली. ज्यांच्यापुढे बोलायचं नाही, त्यांच्याशी मी सोळा वर्षं रोज आठ तास वाद घातला. भाऊजींनी त्यावर तोडगा काढला होता. महाराजपूरच्या पुढे आमचा कारखाना. त्याच्या फाटकाच्या आत मी 'मॅडम' आणि ते 'सर'. बाहेर मी 'शुभा' आणि ते 'भाऊजी'. एकदा माझी स्कूटर फाटकात बरोबर मधोमध बंद पडली. भाऊजी समोरून आले, थांबले, दोन्ही चाकांकडे बघितलं आणि म्हणाले, "आधी ढकलून एका बाजूला घे. मग कोणत्या नात्याने मदत करायची ते बघतो."

आमच्याकडे पुठ्ठ्याची खोकी बनतात. कागदाचं भलंमोठं रीळ मशीनला लावायचं, तापलेल्या दातेरी रोलरांमधून त्या कागदाला लाटा पाडायच्या, खळ लावून वर-खाली साधा कागद चिकटवायचा, आणि मग कापणं, छापणं, तारेने टाचणं. सांगायला चार ओळी लागतात, पण रोज सकाळी हे सगळं एका वेळी सुरू होणं म्हणजे चाळीस माणसांच्या बारशाला सगळी पानं एकदम वाढण्यासारखं आहे. भाऊजींनी ते एकवीस वर्षं रोज वाढलं. दोन्ही मनगटांवर घड्याळं. डाव्या हातावरचं बरोबर चालायचं. उजव्यावरचं सात मिनिटं पुढे असायचं, त्याला ते 'कारखान्याचं घड्याळ' म्हणत. उन्हाळा असो की पावसाळा, अंगात बिनबाह्यांचा राखी स्वेटर, कारण त्याच्या खिशात जमिनीवरून उचललेले नट, स्क्रू आणि वायसर राहत. जाऊबाई रोज संध्याकाळी तो खिसा लोणच्याच्या रिकाम्या बरणीत उलटा करायच्या. त्यांच्या फडताळात अशा अकरा बरण्या आहेत. मी मोजल्या आहेत.

मोजणं, लिहिणं, याद्या करणं हा माझा स्वभाव, भाऊजींचा नव्हे. त्यांचं माप हाताच्या बोटांत होतं. मक्याच्या पिठाची खळ शिजली की किती तापमानाला काढायची याचा तक्ता मी लॅमिनेट करून भिंतीवर लावला होता. भाऊजी तक्त्याला पाठ करून उभे राहायचे, खळीचा थेंब अंगठा आणि तर्जनीत घेऊन दोन बोटं हळूच लांब करायचे, आणि जो तंतू निघेल त्यावरून "अजून दोन मिनिटं" म्हणायचे. ती दोन मिनिटं मी चोरून थर्मामीटरवर तपासत असे. दरवेळी बरोबर. ही सवय मात्र फाटकाशी थांबत नसे. ओमतीजवळच्या एका मंगल कार्यालयात भाच्याच्या लग्नात त्यांनी वाटीतल्या कढीची तशीच परीक्षा केली आणि आचाऱ्याला बोलावून सांगितलं, "चव छान आहे महाराज, पण ही चिकटणार नाही." बरगी धरणावर सहलीला गेलो तर आम्ही सगळे पाणी बघत होतो आणि भाऊजी नाववाल्याच्या फेऱ्या बघत होते. तिसऱ्या फेरीनंतर त्यांनी त्याला बाजूला घेतलं. चौथ्या फेरीपासून पुढची माणसं जाकिटं घालून काठावर तयार उभी दिसू लागली, आणि नाववाल्याने निघताना भाऊजींच्या हातात दोन मासे ठेवले. भाऊजी शाकाहारी. ते मासे आम्ही परत कोणाला दिले याचीही माझ्याकडे नोंद आहे.

त्यांची सगळ्यांत गाजलेली गोष्ट म्हणजे सकाळची सभा. सात चाळीसला, उभ्याने, रीळ तोलायच्या काट्याभोवती. खुर्ची एकही नाही. "माणूस बसला की त्याच्याबरोबर कारणं बसतात," असं त्यांचं मत. ज्याला कालच्या कामाबद्दल काही सबब सांगायची असेल त्याने काट्यावर चढून सांगायची. सांगून झालं की भाऊजी आकडा वाचायचे, "आपका वज़न बहत्तर किलो. बहाने का अलग से नहीं दिख रहा." लोक हसायचे, सबब सांगणाराही हसायचा आणि खाली उतरून कामाला लागायचा. सोळा वर्षांत त्या काट्यावर रडवेला झालेला एकही माणूस मी पाहिला नाही, आणि हे साधणं त्या वाक्यापेक्षा अवघड होतं.

आता सहावा रकाना. मशीन बंद पडली की लिहायचं रजिस्टर मी स्वतः आखलं आहे. सहा रकाने: तारीख, मशीन, किती मिनिटं, कारण, उपाय, जबाबदार. पहिले पाच मी भरायची. सहावा भाऊजी माझ्या हातून पेन घेऊन भरायचे, आणि त्यात दरवेळी स्वतःचं आडनाव लिहायचे.

"सर, रोलरमध्ये पाना रज्जन भैयांनी विसरला."

"रज्जनला रात्री उशिरापर्यंत थांबवून सकाळी पुन्हा कोणी बोलावलं? मी."

"वीज गेली होती ती?"

"जनरेटरमध्ये डिझेल आहे का, हे बघायचं कोणी?"

"आणि माकडाने केबल ओढली ते?"

"माकड आत आलं कसं?" असं म्हणून ते आडनाव लिहून मोकळे.

मला हे बघवत नसे. रजिस्टर म्हणजे खरं लिहायची जागा. म्हणून मी एक छोटी वही वेगळी ठेवली आणि तीत पेन्सिलीने खरी नावं लिहीत गेले. कोणाला दाखवण्यासाठी नव्हे. हिशेब जुळला नाही तर मला जेवण जात नाही, एवढ्यासाठी.

मागच्या हिवाळ्यात मटारचा हंगाम तोंडावर होता. आमच्याकडचा मटार गोठवून देशभर जातो आणि त्याला रोज ट्रक भरून खोकी लागतात. ते दोन महिने आमचा कारखाना श्वास घ्यायलाही थांबत नाही. त्याच वेळी मोठ्या मालकांनी कारभार मुलाच्या हाती दिला. छोटे मालक हुशार, नम्र, आणि कागदावर विश्वास ठेवणारे. त्यांनी मला वर्षभरातल्या बंद पडण्याचा अहवाल मागितला, जबाबदार व्यक्तीप्रमाणे. मला वाटलं, चला, आता तरी हा एकाच नावाचा प्रकार कोणाच्या डोळ्यांवर येईल आणि खरी नावं लिहायचा हुकूम निघेल. मी एका दिवसात अहवाल केला, रंगीत. गोल आकृतीत प्रत्येक माणसाला वेगळा रंग द्यायचा होता. आकृती आली ती पुरणपोळीसारखी, अखंड एकाच रंगाची. मला हसू आलं. तशीच पाठवून दिली.

छोट्या मालकांना हसू आलं नाही. त्यांनी मला बोलावून शांतपणे म्हटलं, "दीदी, मशीन साल भर में इतनी बार रुकी, और हर बार एक ही आदमी? फिर तो इलाज आसान है. आदमी बदल दो." नव्या माणसाशी बोलणंही झालं होतं. पुढच्या गुरुवारी सकाळच्या सभेत ते सगळ्यांना सांगणार होते.

मी पेन्सिलीची वही घेऊन भाऊजींकडे गेले. त्यांनी दोन पानं चाळली, वही मिटली आणि म्हणाले, "मॅडम, बाहेर चला." फाटकाबाहेर येऊन निंबाखाली थांबले, तेव्हा मला कळलं की आता बोलणारे भासरे आहेत.

"शुभा, हे कोणाला दाखवायचं नाही."

"भाऊजी, तुमची नोकरी जाऊन राहिली! तीही माझ्या अहवालामुळे."

"अहवाल बरोबरच आहे. जे लिहिलं होतं तेच तू दाखवलं. माझी गेली तर एकट्याची जाईल. ही वही दाखवशील तर अकरा जणांवर येईल."

"मग खोटंच राहू द्यायचं?"

"खोटं काहून? ऐक. आपली मशीन बंद पडली की रज्जन धावत येऊन सांगतो, सर, माझा पाना आत राहिला. आपण पाना काढतो, मशीन चालू. तो काहून सांगतो? त्याला माहीत आहे, नाव माझं लागते. ज्या दिवशी नाव त्याचं लागेल त्या दिवशी तो पाना लपवेल, अन् आपण तासभर मोटर उघडत बसू." त्यांनी वही माझ्या हातात परत दिली. "नाव लिहिलं की मशीन चालू होत नाही, शुभा. खरं कारण कळलं की होते."

सोळा वर्षं मी ज्याला भाऊजींचा चक्रमपणा समजत होते, ती कारखाना चालवायची त्यांची रीत होती. मी भिंतीवर इतके तक्ते लावले, पण हे एकाही तक्त्यात नव्हतं.

वही कोणाला दाखवायची नाही, असं त्यांनी सांगितलं होतं. मी ती कोणाला दाखवली नाही. पण अकरा जणांना एकेकटं गाठून प्रत्येकाला त्याची स्वतःची ओळ वाचून दाखवली, गुरुवारी काय होणार आहे ते सांगितलं, आणि हेही सांगितलं की ही वही माझ्या पिशवीतून बाहेर येणार नाही. त्यांनी काय करावं याबद्दल एक शब्द बोलले नाही. बोलण्याचा हक्क मी त्या पुरणपोळीबरोबर घालवला होता.

गुरुवारी सात चाळीसला छोटे मालक काट्याजवळ येऊन उभे राहिले. भाऊजी नेहमीसारखे दिवसाचा प्लॅन वाचत होते. मध्येच रज्जन भैया, तीस वर्षं जुने ऑपरेटर, कोणी न सांगता काट्यावर चढले.

"सर, दिवाली के बाद जो दाँता टूटा था, वो हमारा था. पाना हमसे अंदर छूटा था."

"रज्जन, उतरो. आज प्लान बड़ा है."

"हओ सर, उतर रहे हैं. तौल तो बता दो."

भाऊजींनी प्लॅनचा कागद पुन्हा वर धरला, म्हणून आकडा मीच वाचला. चौसष्ट. भैया उतरले तशी टाचणीवरची सुनीता चढली. "मेरे दो हैं सर, एक ही बार में बोल दूँ?" मग खळवाला, मग बॉयलरवाला. रांग लागली. एकाने तर माझ्या वहीत नसलेली चूक सांगितली. ती मी तिथेच टिपून घेतली. भाऊजी उजव्या हातावरच्या घड्याळाकडे बघत पुटपुटत होते, "मशीन खड़ी है, अरे मशीन खड़ी है."

अकरावा माणूस उतरला. छोटे मालक रिकाम्या काट्याजवळ सरकले. मग त्यांनी बूट न काढताच काट्यावर पाय ठेवला. "मार्च में जो कागज़ बार-बार फट रहा था," ते म्हणाले, "तब ख़रीद मैं देखता था, वो माल मैंने चुना था. सर ने मना किया था." आणि माझ्याकडे वळून, "दीदी, उसमें भी नाम इन्हीं का है ना?"

मी मान डोलावली.

भाऊजींनी वाकून आकडा बघितला. "अट्ठासी किलो," ते म्हणाले. "बहाना कुछ नहीं बताया. पास." आणि टाळी वाजवून सगळ्यांना मशीनवर पिटाळलं. नव्या माणसाचा विषय त्यानंतर निघाला नाही. त्या दिवशीची नोंद रजिस्टरमध्ये आहे. बंद: एकोणीस मिनिटं. कारण: बोलणे. जबाबदार: तेच आडनाव.

मटारचा हंगाम भाऊजींनी पुरा केला, आणि होळीनंतर आपण होऊन निवृत्त झाले. निरोपाला कारखान्याने त्यांना विचारलं, काय देऊ? त्यांनी जुना काटा मागितला. जाऊबाईंनी तो घरात येऊ दिला नाही, म्हणून तो अजून कारखान्यातच आहे आणि सभा त्याच्याभोवतीच भरते. प्लांट आता मी बघते. खळ आता तक्त्याप्रमाणे निघते, तरी कोणाचं लक्ष नसताना मीही दोन बोटांत थेंब घेऊन बघते. मला त्यातलं अजून काही कळत नाही.

मी एकटीने कारखाना चालवायला घेतल्यावर पहिल्याच सोमवारी मशीन चौदा मिनिटं बंद पडली. नवीन रीळ वेळेवर लावायचं सुनीताकडे नव्यानेच दिलं होतं, ते राहिलं. ती धावत आली, "दीदी, मुझसे रह गया," आणि रीळ चढवल्याबरोबर मशीन सुरू झाली. मी रजिस्टर उघडलं, पाच रकाने भरले आणि सहाव्यापाशी पेन थांबलं. कपाटात पेन्सिलीची वही होती. ती मी काढली नाही.

संध्याकाळी भाऊजींचा फोन आला. रोजच येतो, उजव्या घड्याळाच्या सहाला.

"आज किती बंद?"

"चौदा मिनिटं."

"नाव कोणाचं लिहिलं?" हे त्यांनी आजवर कधी विचारलं नव्हतं.

"फक्त आडनाव लिहिलं, भाऊजी. तुमचं-माझं एकच तर आहे."

पलीकडे बरणीत काहीतरी पडल्याचा आवाज आला. नट असावा, किंवा वायसर. घरात ते कुठे सापडतात त्यांना, देव जाणे.

"बरं," भाऊजी म्हणाले. "मशीन चालू झाली ना?"

"झाली."

"मग झालं तर."