तिरफळ, चप्पल आणि भरलेली रापण

माझी बायको बुडाली त्या सकाळी आमचं भांडण तिरफळावरून झालं होतं. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळ कमी पडलं, तर शहाण्या माणसाने गप्प जेवावं. मी म्हणालो, "आयेच्या हाताची चव काय येणा नाय!"

सुमनने पाटी काखेत मारली. "मी कालवां काढूक चललंय. तुमी बसा आवशीच्या चवीची वाट बघीत!"

थोड्या वेळाने राग उतरला (माझा, तिचा उतरायला सणवार लागतो) आणि मी खडपाकडे, किनाऱ्यावरच्या खडकांकडे, गेलो. भरती चढत होती. पाण्याच्या कडेला तिच्या चपला, पण सुमन नाही! हाका मारमार मारल्या. उत्तर नाही. तिच्याशी माझं शेवटचं बोलणं काय, तर तिरफळ?

किनाऱ्यावर रापण ओढणं चाललं होतं. जाळ्याचे दोन दोर, दोन टोळ्या, आणि ओढू लागेल त्याला मासळीचा वाटा, ही आमची रीत. दुसरी टोळी पार लांब होती. मी जवळच्या टोळीवर जाऊन आदळलो.

"दोर सोडा रे! सुमन बुडाली!"

"खंय?" म्होरक्या भिकाजीदादा ओरडला.

"खडपार! चपला आसत, ती नाय!"

"पण जाळां भरलेलां आसा रे..."

"बायल मोठी काय म्हावरा?" मी किंचाळलो. (हा प्रश्न मालवणी माणसाला विचारू नये. सगळे क्षणभर विचारात पडले!)

"सोडा दोर!" भिकाजीदादाने हुकूम दिला.

चौघांनी पाण्यात उड्या टाकल्या. मीही गळ्याइतक्या पाण्यात घुसलो. आपल्याला पोहता येत नाही, हे तिथे पोचल्यावर आठवलं! मग आधी मलाच बाहेर काढावं लागलं.

तेवढ्यात लांबच्या टोळीकडून एक बाई पदर खोचून, अनवाणी, तरातरा आली. "कोण तो गाढव दोर सोडणारो? आमी थंय उताणी पडलव! सगळो बांगडो गेलो!"

सुमन! भरतीमुळे कालवं मिळेनात, म्हणून ती वाट्यासाठी दोर ओढायला गेली होती.

मी अख्ख्या वाडीदेखत तिला मिठी मारली आणि हमसून हमसून रडलो. "तिरफळ नको माका, काय नको. तू व्हयी!"

"सोडा वो, लोक बघतत." मग हळूच म्हणाली, "माज्यासाठी भरलेली रापण सोडलात?"

"सोडलंय गो."

तिचे डोळे भरले. भिकाजीदादाचेही भरले होते, पण ते रिकाम्या जाळ्याकडे बघून. त्या दिवशी वाडीत घरोघरी डाळ शिजली, माझ्या नावाने बोटं मोडत.

आता रापण टाकण्याआधी भिकाजीदादा आमच्या दारात येऊन विचारतो, "बायल घरात आसा मां? मगे जाळां टाकतव."

आणि मी खरंच आत डोकावून बघून येतो.