बघूकाकांच्या नावाचा पुरस्कार

विद्यापीठाच्या मनुष्यबळ विभागात खिडकीपाशी दोन टेबलं समोरासमोर होती. एकावर बघूकाका बसत, दुसऱ्यावर तोफ. खरी नावं फक्त पगारपत्रकापुरती. काकांच्या तोंडून ‘नाही’ हा शब्द कधी कुणी ऐकला नाही. बदली हवीय? बघू. बढती अडलीय? बघू की, होईल. माणूस हसत परत जाई आणि त्याचं घोंगडं वर्षानुवर्षं भिजत पडे. तोफेकडे मात्र एक घाव दोन तुकडे. “होणार नाही. नियमात बसत नाही. उगाच खेटे घालू नका.” माणूस तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करत जिना उतरायचा. पण खेटे थांबायचे, हेही तितकंच खरं.

अशा दोघांत विळ्याभोपळ्याचं सख्य असणार, यात नवल ते काय!

“तुम्ही लोकांना आशेवर टांगून ठेवता,” ती म्हणायची.

“आणि तुम्ही दोरच कापता, बाई. चहा तरी पिऊ द्या त्यांना.”

एकदा प्रयोगशाळेतला एक सहायक आला. कायम होण्याची वाट बघता बघता बिचाऱ्याचे केस पिकायला लागले होते. काकांनी चहा मागवला, पाठीवर हात ठेवला आणि ‘बघू’ म्हटलं. तोफेला राहवलं नाही. “अहो, ती जागा भरायचीच नाही असं वर ठरलंय. वय आहे तोवर दुसरीकडे हातपाय हलवा.” तो गृहस्थ तिथेच डोळ्याला रुमाल लावून बसला. पुढे दुसऱ्या कॉलेजात कायम झाला आणि आभार मानायला परत आला. कुणाचे? काकांचे! त्या चहाबद्दल! तोफेने कपाळावर हात मारून घेतला. पण तिचं मोठेपण असं, की त्या दिवशी तीही हसली. ती कुणाच्या आभारासाठी बोलत नव्हती. खोटी आशा ही तिला चोरी वाटायची. माणसाचं आयुष्यच चोरायचं, तेही गोड बोलून.

मग काका आजारी पडले. सगळा विभाग गटागटाने दवाखान्यात जाऊन गोड बोलून आला. तोफ सगळ्यांत शेवटी निघाली, तीही नवऱ्याने ढकलल्यावर. “तुझ्या जिभेला हाड नाही,” तो म्हणाला, “तिथे तरी आवर घाल.” तिने कबूल केलं.

खोलीच्या दारातच काकांची बायको भेटली. विभाग त्यांना वहिनी म्हणायचा. त्यांनी तोफेला बाजूला घेतलं. “डॉक्टरांनी हात टेकलेत, ताई. पण यांना काही कळू द्यायचं नाहीये. तुम्हाला मुद्दाम सांगतेय.” आणि त्या औषधं आणायला खाली गेल्या.

काका उशीला टेकून बसले होते. “या बाई. तुमचीच वाट बघत होतो. बाकी सगळे मला बघू-बघू म्हणतायत. तुम्ही सांगा. मी यातून उठणार का?”

वहिनींचे शब्द कानात ताजे होते. ‘बघू’ हा शब्द तोफेच्या ओठांपर्यंत आला, पण तिने तो गिळला. “नाही, काका,” ती म्हणाली. “कुणाला भेटायचं, काय बोलायचं, ते आत्ताच उरकून घ्या.”

वहिनी वर यायच्या आत ती निघून गेली. काही आठवड्यांनी काका गेले. अंत्यविधीला ती सगळ्यांच्या मागे, फाटकापाशी उभी राहिली. वहिनींच्या घराची पायरी मात्र तिने चढली नाही. त्या बाईने विश्वासाने एक गोष्ट सांगितली आणि आपण ती पाळली नाही, हे तिला खात होतं.

वर्ष सरलं. विद्यापीठाने काकांच्या स्मरणार्थ मनुष्यबळ विभागासाठी एक सेवा पुरस्कार सुरू केला. स्वागतकक्षातल्या गोडबोल्या बाईंना तो मिळणार, असं सगळे धरून चालले होते. फलकावर नाव लागलं ते तोफेचं. विभाग आ वासून बघत राहिला. तोफेने फलकावरची खालची नावं वाचली. निवड समितीत वहिनी होत्या.

“चारचौघांत पाणउतारा करायचा बेत असेल,” ती नवऱ्याला म्हणाली.

“मग बस घरी.”

“छे! केलंय ना, मग ऐकून घ्यायला नको?”

आणि ती गेली. इस्त्रीची साडी, ताठ मान.

मानचिन्ह हातात देऊन वहिनी माइकसमोर उभ्या राहिल्या. “मी ताईंना सांगितलं होतं, यांना कळू देऊ नका. त्यांनी सांगितलं. मला फार राग आला होता, खोटं कशाला बोलू! पण दुसऱ्याच दिवशी यांनी धाकट्या भावाला बोलावून घेतलं. दोघांत कितीतरी वर्षं बोलणं नव्हतं. तेही यांनी ‘बघू’वरच ठेवलं होतं.” पहिल्या रांगेत काकांच्या चेहऱ्याचाच एक माणूस खाली मान घालून बसला होता.

कार्यक्रम संपल्यावर वहिनींनी तोफेला हाताला धरून बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर नेलं.

“एक विचारू, ताई? सगळे म्हणतात, ते शांतपणे गेले. तुम्ही सांगितलंत तेव्हा घाबरले होते का हो?”

एखादा गोड शब्द द्यायला आज कुणाचीच हरकत नव्हती. तोफेने वहिनींकडे नीट पाहिलं.

“हो, वहिनी. खूप घाबरले. माझा हात घट्ट धरला, सोडेचनात. त्यानंतर स्वतःचं काहीच विचारलं नाही. एवढंच म्हणाले, तिला एकटीला कसं जमेल?”

लोक येता-जाता वहिनींना नमस्कार करत होते, ‘सावरलात हो छान’ म्हणत होते, आणि त्या मान डोलावत होत्या. गर्दी पांगल्यावर त्यांनी तोफेच्या खांद्यावर डोकं टेकलं.

“नाही जमत हो, ताई,” त्या म्हणाल्या. “अजिबात नाही जमत.”