निरंक लिहिलेला शनिवार

ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही, बायकोलाही नाही. आमच्या शाळेच्या तक्रारपेटीची किल्ली माझ्या मोटारसायकलच्या किल्लीबरोबर असायची, आणि एकदा ती पेटी मी एकट्याने उघडली.

नियम असा, की पेटी समितीसमोर उघडायची. पण तपासणीच्या आधी आत गुपचूप डोकावून घ्यायचं, ही आमच्या पोलादपूरच्या शाळेतली जुनी रीत. निघणार तरी काय? ‘पीटीच्या सरांची शिट्टी जप्त करावी.’ ‘खिचडीत मीठ दोनदा पडतं.’ एकदा तर अर्धा पेरू निघाला होता. मुख्याध्यापक म्हणायचे, “सर, साहेब यायच्या आत पेरू-बिरू काढून टाका. रजिस्टर निरंक दिसलं पाहिजे.” निरंक म्हणजे एकही तक्रार नाही. आमच्या खात्यात याहून गोड शब्द नाही.

त्या शनिवारी पेटीत एकच चिठ्ठी होती. खाली नाव नव्हतं, पण ते अक्षर मी रोज तपासत होतो. नववीतली मुलगी, उमरठच्या बाजूने एसटीने यायची. दहावीतला एक मुलगा मागच्या सीटवर बसून तिला धमकावत होता: माझ्याशी बोलली नाहीस तर तुझा फोटो हवा तसा बदलून ग्रुपवर टाकीन. मुलाचं नाव तिने लिहिलं होतं. शेवटी होतं, ‘घरी कळलं तर शाळा बंद करतील. सर, काहीतरी करा.’

मी चिठ्ठी खिशात टाकली आणि रजिस्टरात सुवाच्य अक्षरात लिहिलं: निरंक.

काहीतरी केलंही. सोमवारी त्या मुलाला प्रयोगशाळेमागे नेऊन कान पिळला. “तुझ्या नावाची चिठ्ठी आलीय पेटीत. पुन्हा ऐकू आलं तर बघ!” तो रडला, पाया पडला. मी खूश. साहेबही निरंक बघून खूश, चहाबरोबर दोन बिस्किटं जास्त खाऊन गेले.

चिठ्ठी कुणाची, हे त्या मुलाला वेगळं सांगायची गरजच नव्हती. संध्याकाळच्या गाडीत त्याने सगळ्यांदेखत तिला विचारलं, “काय गो, पेटीत काय टाकलंस? आता तर बघच.” कंडक्टरने हे मला सांगितलं, पण पुष्कळ उशिरा.

दुसऱ्या दिवशी ती शिक्षकखोलीच्या दारात उभी.

“सर, पेटी उघडली?”

“उघडली की.”

“काय नाय मिळालं?”

मी वह्यांवरून मान वर केली नाही. “नाही गं. रिकामी होती.”

“बरं,” म्हणाली आणि गेली.

आठवड्याने तिचे वडील आले. “पोरगी शाळेत जात नाय म्हणते. कारण सांगत नाय. तुमाला काय ठाव हाय का, सर?”

“या वयात होतं असं,” मी म्हणालो. त्यांनी मला हात जोडले. ते वर्ष ती घरीच बसली.

आता आमची पेटी सगळ्या समितीसमोरच उघडते. किल्ली माझ्याकडे नसते. तक्रार करणाऱ्या मुलीची आधी विचारपूस, तिच्या जाण्यायेण्याची सोय, मग मुलाला बोलावणं, तेही एकट्याने नाही. हा आग्रह माझाच. नवे शिक्षक म्हणतात, “सर नियमाला लई पक्के.” मी हसतो.

ती पुढे मावशीकडे राहून शिकली. आता महाडला एसटी स्टँडजवळ औषधाच्या दुकानात असते. माझी रक्तदाबाची गोळी तिथेच मिळते. दुसरीकडेही मिळते, पण मी तिथेच जातो. “सर, जेवल्यावर घ्या हां,” ती म्हणते. “हो गं,” म्हणून मी पायरी उतरतो.

पेटी रिकामी नव्हती, तुझी चिठ्ठी मी वाचली होती, एवढं मला तिला सांगायचं आहे. तिच्या वडिलांनाही. अजून सांगितलेलं नाही.