ढब्बूची तिसरी गादी

एवढ्याशा पोटातून एवढा आवाज निघतो कसा, याच धक्क्यात गादीवाल्याची पहिली रात्र गेली. कुत्र्याचं पिल्लू, म्हणाल तर दोन मुठींचं. पाय आखूड, पोट टम्म, म्हणून बायकोने नाव ठेवलं ढब्बू. दिवसा ते खालच्या दुकानात कापसाच्या ढिगांत लोळायचं आणि कुणीही उचलून घेतलं की तिथल्या तिथे पेंगायचं. पण रात्री स्वयंपाकघरातला दिवा मालवून दार लोटलं, की असा गळा काढायचं जणू दाराबाहेर त्याची इस्टेट लुटली जातेय.

पिल्लू हवं होतं बायकोला. मुलगी सासरी गेल्यापासून घर खायला उठतं, असं ती कधी तोंडाने बोलली नव्हती. मुळात ती कशाबद्दलच फारसं बोलत नसे. त्यामुळे दूधवाल्याच्या गोठ्यातलं एक पिल्लू आणू का, असं तिने विचारलं, तेव्हा गादीवाला चकित होऊन हो म्हणून बसला. मागाहून भानावर येऊन त्याने अट घातली. कुत्रं स्वयंपाकघरात झोपेल, एकटं झोपेल, माणसाजवळ झोपायची सवय लावायची नाही. आणि आठवडाभरात रात्रीचा आरडाओरडा थांबला नाही, तर आल्या वाटेने परत. भिंतीपलीकडच्या बसड्रायव्हरची पहाटेची ड्यूटी असायची. दुसऱ्याच दिवशी तो तांबारलेले डोळे घेऊन दुकानात आला आणि शेठ, रात्री घरात नक्की कुणाला मारता, असं विचारून गेला.

दुसऱ्या कुणाला सुचलं असतं की पिल्लाला भूक लागली असेल, आईची आठवण येत असेल. गादीवाल्याला सुचली गादी. त्याच्या लेखी जगातल्या सगळ्या दुखण्यांचं मूळ माणसाने खाली काय अंथरलंय त्यात होतं. कुणी डोकं दुखतंय म्हणालं की तो विचारायचा, झोपता कशावर. जावयाला धंद्यात खोट आली तेव्हाही त्याने टेम्पोतून गादीच पाठवली होती.

तर ढब्बूसाठी पहिली गादी झाली कापसाची, मोठ्या गादीसारखीच ठासून भरलेली. ढब्बूने ती हुंगली, तिला वळसा घातला आणि उघड्या फरशीवर बसून सूर लावला. गादीवाल्याला हे फार लागलं. आजवर एकाही गिऱ्हाइकाने तोंडावर असा अपमान केला नव्हता. दुसरी गादी फोमची. तिचा कोपरा सकाळपर्यंत ढब्बूच्या पोटात गेला, आणि रडणं होतं तिथेच. मग मात्र गादीवाला इरेला पेटला. गिऱ्हाइकाचं काम बाजूला सारून त्याने तिसरी शिवायला घेतली. खाली काथ्या, मध्ये फोम, वर नव्याने पिंजलेला कापूस, भोवती गोल लोड, आणि दाभणाने घातलेला एकेक टाका मोजून मापून. बायको दारात उभी राहून बघत होती.

"अहो, त्याला सोबत हवी असेल कदाचित," ती म्हणाली.

दोरा दातात धरून त्याने समजावलं, की गादी जमली की सोबत लागत नाही कुणाला.

त्या रात्री घर चिडीचूप. उजाडल्यावर गादीवाला जागा झाला तो छातीत धडकी घेऊनच. मेलं की काय बिचारं. धावत स्वयंपाकघरात गेला तर ढब्बू शेपटीसकट सगळं अंग हलवत उभा, आणि बायको चहा गाळतेय. दुसऱ्या रात्री तेच. तिसऱ्या रात्रीही.

मग काय विचारता. माणसाचं सोडा, आमच्या गादीवर कुत्रं झोपतं, ही जाहिरात गल्लीच्या दोन्ही टोकांपर्यंत पोचली. बसड्रायव्हरने आपल्या सासूबाईंसाठी तशीच गादी सांगितली, कारण त्याही रात्रभर कण्हायच्या.

सासूबाईंसाठी भरण किती घ्यावं, हे बघायला गादीवाला एका सकाळी ढब्बूच्या गादीपाशी वाकला. बायको ढब्बूला घेऊन खाली रस्त्यावर गेली होती. त्याने तळवा टेकवला आणि तसाच ठेवला. गादी गार होती. मध्ये खळगा नव्हता. एक केस नव्हता. शिवली तेव्हा होती तितकीच फुगीर. वापरलेली गादी गादीवाल्यापासून लपत नाही, आणि या गादीवर कुणी कधी झोपलेलंच नव्हतं.

शेजारी भिंतीला चटई गुंडाळून उभी होती. तिच्यात बायकोची शाल, आणि शालीवर ढब्बूचे पांढरे केस.

कुणी मागून ढकलावं तसा तो झोपायच्या खोलीत गेला. पलंगावरची चादर ओढून काढली. त्याच्या बाजूला गादीत चांगली घळ पडली होती. बायकोची बाजू मात्र दुकानात मांडलेल्या गादीसारखी टुमटुमीत. हीच बाजू तो गिऱ्हाइकांना वर आणून दाखवायचा, की बघा, लग्नात स्वतः भरलीय, अजून दबलेली नाही.

तो पलंगाच्या कडेवर बसला तेवढ्यात बायको ढब्बूला काखेत घेऊन आली. उघडी गादी बघून दारातच थबकली.

"तू झोपतेस कुठे?"

"खाली."

"कधीपासून?"

"पहिल्यापासूनच." तिने ढब्बूला दुसऱ्या काखेत घेतलं. "रुतते हो ती मला. दगडासारखी आहे."

तो घोरायला लागला की ती खाली उतरायची आणि तो उठायच्या आत पलंगावर यायची. सांगणार होती, पण तो ज्याला त्याला वर आणून तिची बाजू दाखवू लागला, मग सांगायचं राहूनच गेलं. आता फक्त चटई स्वयंपाकघरात नेली होती, एवढाच काय तो फरक. ढब्बूच्या पाठीवर हात ठेवला की तो हूं की चूं करत नसे.

गादीवाल्याच्या डोळ्यांपुढे गावभरच्या फरश्या येऊ लागल्या. न्हावी, मास्तर, जावई, त्याच्या गाद्या घेतलेले सगळे आपापल्या पलंगाशेजारी चटया टाकून ओळीने झोपलेले.

"त्याला परत नेणार का?" बायकोने विचारलं.

त्याला ऐकूच गेलं नाही. ढब्बूला घट्ट धरून तिने पुन्हा विचारलं. त्याने मान वर केली. लग्नापासून तिने त्याच्याजवळ दोनदाच काही मागितलं होतं, आणि दोन्ही वेळा हे कुत्रंच.

"नाही," तो म्हणाला. "तो कुठे झोपणार ते तू सांग."

"माझ्याजवळ."

"आणि तू?"

तिने उघड्या गादीकडे बघितलं. तो उठला, खालून कात्री घेऊन आला आणि तिच्या बाजूची शिवण सरसर उसवली. कापसाचा एक मोठा गोळा उपसून जमिनीवर टाकला. ढब्बू काखेतून सुटून त्यात तोंडावर पडला. बायकोने पुढे होऊन गादीवर तळवा दाबला, गिऱ्हाईक दाबतं तसा.

"अजून काढा."

त्याने काढला. ढीग त्याच्या गुडघ्यापर्यंत आला.

"अजून."

एवढाच कापूस ठेवायचा तर हिला गादी म्हणायचं कशाला, गोधडी म्हणावं, हे त्याच्या अगदी जिभेवर आलं होतं. त्याने आणखी एक गोळा उपसला.

"अजून," बायको म्हणाली.